मर्सीतला मासा आणि आपल्या खाडीतली बोय

इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या खाडीत फ्लाउंडर नावाचा मासा मिळतो. आपल्या लेपीसारखा चपटा, तळाच्या चिखलाला धरून राहणारा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या शास्त्रज्ञांनी या माशाच्या नरांची वृषणं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. साधारण सहा नरांमागे एकाच्या वृषणात शुक्राणूंच्या शेजारी कच्च्या अंडपेशी निघाल्या. बाहेरून मासा धडधाकट होता. कोळ्याच्या हाताला, विकणारीच्या नजरेला, खाणाऱ्याच्या जिभेला काही कळावं असं त्यात काहीच नव्हतं.

या निरीक्षणाचा अर्थ कसा लावायचा, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. दोन्हीकडची माणसं समुद्रावर जीव असलेलीच आहेत, म्हणून हा वाद मी एका मामा-भाचीच्या तोंडी मांडतो आहे. मामांची हयात बंदरावर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद करण्यात गेली. कुठल्या महिन्यात किती टन बांगडा आला, बोंबील का आटला, हे त्यांना विचारावं. भाची प्रयोगशाळेत ऊतींचे काप घेते, रंगवते आणि काचपट्टीवर वाचते. माझा स्वतःचा कल भाचीकडे आहे. पण मामांच्या हरकती ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, असंही मला वाटतं.

मामा: नराच्या पोटात अंडी म्हटलं की लोक घाबरतात. पण माशांमध्ये नर-मादी हे माणसासारखं एकदाच ठरून जात नाही. आपला जिताडाच घे. तो आधी नर म्हणून वयात येतो, काही वर्षं नर म्हणून वावरतो आणि मोठा झाला की मादी होतो. मोठ्या जिताड्यात गाभोळी मिळते ना, तो जिताडा कधीकाळी नर होता. रावसाचंही तसंच. हेकरूचं उलट, आधी मादी आणि मग नर. यातला एखादा बदलाच्या मधल्या काळात तुझ्या सुरीखाली आला, तर काचपट्टीवर दोन्ही पेशी दिसणारच. त्याला विकृती म्हणशील?

भाची: नाही म्हणणार. जिताड्यात तो आयुष्याचा ठरलेला टप्पा आहे. पण फ्लाउंडर त्या कुळातला नाही, मामा. त्याच्यात नर तो जन्मभर नर. तुलनेसाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी सफकमधली आल्ड ही त्यातल्या त्यात स्वच्छ खाडी घेतली होती. मासा तोच, देश तोच, आणि तरी मर्सी, टाइन, टीज या खाड्यांमधले नर वेगळे निघाले.

मामा: तरीही एखादा मासा मुळातच उभयलिंगी निघतो. आपल्याकडे बांगड्यात, तारलीत असे मासे सापडल्याच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या नोंदी आहेत. गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत बाजारात आली १९६० साली. मग तेव्हाच्या बांगड्याला कुणी बिघडवलं?

भाची: कुणीच नाही. आणि तो बांगडा एकटा होता, म्हणून तर त्याची नोंद छापली गेली. हजारो बांगड्यांत एक निघाला तर ती निसर्गातली चूक. सहांत एक निघाला, आणि तोही नेमका सांडपाणी मिळतं त्या खाडीत, तर त्यामागे कारण शोधावंच लागतं.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, कारण या वादातला सगळ्यात भक्कम पुरावा वृषणात सापडला नाही, तो माशाच्या रक्तात सापडला. मादीच्या अंड्यात जो बलक भरतो, त्याचा कच्चा माल म्हणजे व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन. ते यकृतात तयार होतं आणि रक्तावाटे अंडाशयात जातं. ते तयार करण्याचा हुकूम देतं इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक. गंमत नव्हे, पण मोठी सोयीची गोष्ट अशी, की हे प्रथिन बनवायचं जनुक नराच्या यकृतातही असतं. हुकूमच येत नाही म्हणून ते निपचित पडून राहतं. नराच्या रक्तात हे प्रथिन भरपूर सापडलं, तर बाहेरून कुठूनतरी इस्ट्रोजेनसारखं काही त्याच्या अंगात शिरलं आहे, याला दुसरा अर्थ उरत नाही. इंग्लंडच्या औद्योगिक खाड्यांतल्या नर फ्लाउंडरच्या रक्तात ते नेहमीच्या हजारो पट निघालं. १९९८ ते २००१ या काळात ब्रिटननं ‘एडमार’ नावाचा खास कार्यक्रम राबवून आपल्या किनाऱ्यांचा यासाठी अभ्यास केला. त्यात फ्लाउंडरबरोबर वाळूत राहणारा छोटा गोबी मासाही तपासला. त्याच्या काही नरांमध्ये जननछिद्राजवळचा उंचवटा धड नराचा नाही, धड मादीचा नाही, अशा मधल्याच आकाराचा दिसला.

या दोन खुणांमध्ये काळाचा फरक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. रक्तातलं प्रथिन अलीकडच्या दिवसांत मासा कशात पोहला ते सांगतं. पाणी सुधारलं की ते उतरतं. वृषणातल्या अंडपेशी मात्र बहुतेक वेळा कोवळ्या वयात, लिंग घडत असतानाच बसलेल्या असतात आणि मग राहतात. फ्लाउंडरची पिल्लं समुद्रातून खाडीत, अगदी गोड्या पाण्यापर्यंत येऊन वाढतात. म्हणजे ज्या वयात त्यांना सर्वांत जपायला हवं, त्याच वयात ती शहराच्या सांडपाण्याच्या तोंडाशी राहतात.

मामा: मग भूमध्य समुद्रातल्या तलवार माशाचं काय? तो तर खोल समुद्रात हिंडणारा. तिथल्या नरांमध्येही पाव हिश्श्याच्या आसपास असे निघाल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालं. भर समुद्रात कुणाचं सांडपाणी पोचलं?

भाची: सांडपाणी नाही, पण डीडीटी आणि पीसीबी ही रसायनं पोचतात. छोट्या माशाच्या चरबीतून मोठ्यात, मोठ्यातून त्याहून मोठ्यात. तलवार मासा त्या साखळीच्या टोकाला आहे. तरी त्याच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. त्याच्यात थोडंफार हे नैसर्गिकच असू शकतं. मी फ्लाउंडरवर उभी आहे, कारण तिथे जागा, पाणी, रक्त आणि ऊती या चारही गोष्टी एकाच दिशेनं बोट दाखवतात.

भाचीचं हे सोडून देणं मला आवडलं. जे मत सगळ्याच उदाहरणांना कवटाळून बसतं, ते पहिलं उदाहरण गळताच कोसळतं.

मामा: बरं, फ्लाउंडरच घेऊ. मर्सी ही एकेकाळी युरोपातल्या सर्वांत घाणेरड्या नद्यांपैकी एक होती. टाइनमधून तर पन्नासच्या दशकाच्या अखेरीस सामन मासा जवळजवळ नाहीसा झाला होता. पुढे गटारं वळवली, प्रक्रिया केंद्रं बांधली, आणि आज टाइन ही इंग्लंडातली सामनची सर्वोत्तम नदी समजली जाते. मर्सीतही सामन परतला. ज्या काळात मासे परत येत होते त्याच काळात तुम्ही लोक वृषणं कापून आकांत करत होता. मासा वाढतोय की घटतोय हे बघा ना आधी!

भाची: मासा परत आला म्हणूनच कापता आला, मामा. पाण्यात प्राणवायूच नव्हता तेव्हा तिथे तपासायला मासाच नव्हता. मेलेल्या खाडीत कुणाचंच लिंग बिघडत नाही. पाणी श्वास घेण्याइतकं सुधारल्यावरच त्यात उरलेला पुढचा दोष दिसू लागला. आणि सुधारणा तिथेच थांबली नाही. युरोपात १९९१च्या निर्देशानं शहरांच्या सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया सक्तीची झाली. औद्योगिक साबणांमधून येणाऱ्या, इस्ट्रोजेनसारख्या वागणाऱ्या नोनाइलफेनॉलवर २००३ साली निर्बंध आले. त्याआधीच, १९९६ ते २००१ या काळात, तिथल्या अनेक खाड्यांमधल्या नर फ्लाउंडरच्या रक्तातलं ते प्रथिन उतरत गेलं.

मामा: उतरलं ना? मग झालं. मुद्दा माझा तोच आहे. नराच्या वृषणात चार अंडपेशी निघाल्या म्हणून त्याची प्रजा थांबते का?

हा खरा प्रश्न आहे. मामा तो टाळण्यासाठी विचारत नाहीत, ज्यानं आयुष्यभर मासळीचा साठा मोजला त्याचा तो हक्काचा प्रश्न आहे. याचं सर्वांत नीट उत्तर समुद्रातल्या माशावरून मिळालेलं नाही, ते इंग्लंडच्या नद्यांतल्या रोच या गोड्या पाण्यातल्या माशावरून मिळालं आहे, कारण तो हौदात ठेवून त्याचा विणीचा हंगाम पाहता येतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या सुझन जॉब्लिंग, जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं, की सांडपाण्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या रोचच्या नरांमध्ये अंडपेशी सर्रास सापडतात. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे नर इतर नरांबरोबर एकाच हौदात सोडले आणि पिल्लांचा बाप कोण ते जनुकांवरून तपासलं. ज्यांचं वृषण फार बिघडलं होतं, त्यांची प्रजननातली कामगिरी ७६ टक्क्यांनी घसरलेली निघाली. थोडेफार बिघडलेले नर मात्र इतरांच्या बरोबरीनं निभावले.

मामा: आणि त्याच रोचवर २०१४ साली आलेला दुसरा अभ्यास? सांडपाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या रोचच्या वस्त्या स्वतःच्या बळावर टिकून आहेत, बाहेरून मासे येऊन त्या भरल्या जात नाहीत, असं त्यात जनुकांवरूनच सिद्ध केलं. तो अभ्यास लोकांना कुणी सांगत नाही.

भाची: मी सांगते. तो चांगला अभ्यास आहे. पण कॅनडातलं तळंही सांगते. ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी एकात कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. एका लिटरमागे एका ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश, सांडपाण्यात सापडू शकतं तेवढंच. नरांच्या रक्तातलं प्रथिन लगेच चढलं. पण माशांची संख्या? पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तळ्यातल्या छोट्या मिनो माशाची त्या वर्षीची पिल्लंच गायब झाली, आणि बघता बघता ती जात त्या तळ्यातून जवळजवळ संपली. मिनो दोन-तीन वर्षं जगतो, म्हणून परिणाम इतक्या लवकर दिसला. फ्लाउंडर दहा-बारा वर्षं जगू शकतो. त्याची पिल्लं येणं थांबलं, तरी म्हातारे मासे कितीतरी वर्षं तुमच्या टनांच्या आकड्यात उतरत राहतील.

मामा: औषध बंद केल्यावर तळ्यातला मासा परत वाढला, हेही सांग.

भाची: वाढला. म्हणून तर म्हणते, हे थांबवता येतं.

मामा यावर गप्प बसले नाहीत, त्यांनी सागरी उदाहरण मागितलं. आणि भाचीकडे सागरी उदाहरण होतं. माशाचं नव्हे, पण ते कोकणापर्यंत येऊन पोचतं. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे रसायन असायचं. त्यानं समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचं लिंग फुटायला लागलं. १९७० साली इंग्लंडच्या प्लिमथजवळ हे प्रथम नोंदवलं गेलं. लिटरमागे एका नॅनोग्रॅमच्या आसपास इतकी सूक्ष्म मात्रासुद्धा त्याला पुरत होती. लिंगाबरोबर वाढलेल्या नळीनं मादीचा अंडमार्ग बुजायचा, अंडी पोटातच अडकायची. नैर्ऋत्य इंग्लंडच्या बंदरांजवळून त्या गोगलगाईच्या वसाहतीच्या वसाहती नाहीशा झाल्या. आपल्याकडे गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या परिसरात क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात हाच दोष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ साली नोंदवला. या रंगावर आंतरराष्ट्रीय बंदी पूर्णपणे लागू झाली सप्टेंबर २००८ मध्ये. पहिल्या नोंदीपासून अडतीस वर्षांनी.

मामा: ही वर्षं मोजलीस ते बरं केलंस. पण मला भीती दुसरीच आहे. तू काचपट्टीवर जे बघतेस ते उद्या वर्तमानपत्रात ‘मासे नपुंसक झाले’ म्हणून छापून येईल. पहाटे ससून डॉकवर माल घेऊन दिवसभर बाजारात बसणारी कोळीण त्या मथळ्याची किंमत मोजेल. सांडपाणी सोडणाऱ्याच्या खिशातून एक पैसा जाणार नाही.

भाची: खरं आहे. म्हणून ते नीट शब्दांत सांगायला हवं. नराच्या वृषणातल्या अंडपेशी ही त्या माशाच्या घरातली अडचण आहे, आपल्या ताटातली नाही. आणि आणखी एक, मामा. असा विषय निघाला की बोट लगेच बायकांच्या गोळीकडे जातं. मला त्याचा राग येतो. इंग्लंडमध्ये सांडपाण्याचे घटक वेगळे करून पाहिले तेव्हा गोळीतल्या कृत्रिम इस्ट्रोजेनबरोबरच माणसाच्या शरीरातून रोज जाणारी नैसर्गिक इस्ट्रोजेनं मोठ्या प्रमाणात निघाली. ती बायकांच्या लघवीतून जातात, गरोदर बाईच्या तर फार, आणि पुरुषांच्याही लघवीतून जातात. गोळी बंद केली म्हणून खाडी सुधारणार नाही. ती सुधारते प्रक्रिया केंद्रात. सूक्ष्मजीवांना सांडपाण्यावर पुरेसा वेळ काम करू दिलं, की ही नैसर्गिक इस्ट्रोजेनं बरीचशी मोडून पडतात.

मामा: मग आपल्या खाडीचं बोल. तुझी मर्सी तिकडे राहिली.

मला वाटतं, वाद इथे खऱ्या अर्थानं सुरू झाला, कारण आता मामांचं ज्ञान कामाला आलं. भाचीला ठाण्याच्या, माहीमच्या, मालाडच्या खाडीत हे तपासायचं होतं. तिनं जिताड्याचं नाव काढलं, आणि मामांनी ते तिथेच खोडलं. जो मासा स्वभावानंच नराची मादी होतो, त्याच्यात बिघाड ओळखणार कसा? त्यांनी सुचवली बोय. बोय खाडीत वाढते, चिखलावरचा थर खाते, सांडपाण्याच्या तोंडाशीही टिकते, आणि अंडी घालायला समुद्रात जाते. म्हणजे सवयीनं थेट फ्लाउंडरसारखी. तिच्यात नर नरच राहतो. भाचीला हे माहीत असायला हवं होतं, कारण स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर याच कुळातला मासा वापरला गेला. गेर्निका गावाच्या सांडपाण्याखालच्या उर्दायबाई खाडीत आणि पासाया बंदरात जाड ओठांच्या बोयीच्या नरांमध्ये अंडपेशी आणि यकृतात जागं झालेलं बलकाचं जनुक, दोन्ही सापडलं आहे.

मामा: आणि बाजारातली बोय घेऊ नकोस. बर्फात पडलेल्या माशाची ऊती तुझ्या कामाची राहणार नाही. होडीवरच कापून औषधात टाकावी लागेल. कोळ्याबरोबर पहाटे जायची तयारी ठेव. नर ओळखायचा तर विणीचा हंगाम धर, तो कधी ते मी सांगेन. आणि नुसत्या काचपट्ट्या नकोत. त्याच खाडीत पिल्लं किती येतात, मोठे मासे किती राहतात, ती मोजदादही दरवर्षी व्हायला हवी. नाहीतर पुन्हा तुझं एक आणि माझं एक.

भाची: मान्य. दोन्ही करू.

मामांची ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. मर्सीत काचपट्टी आधी आली आणि माशांच्या वस्तीचा प्रश्न मागाहून विचारला गेला, म्हणून हा वाद इतकी वर्षं चालला. आपल्याला दोन्ही गोष्टी एकदमच सुरू करता येतील, आणि त्यासाठी वेळही आत्ताच आहे. वरळी आणि वांद्र्याहून मुंबईचं सांडपाणी समुद्राखालच्या बोगद्यांतून साधारण साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडलं जातं, तेही फार थोड्या प्रक्रियेनंतर. उरलेलं कितीतरी खाड्यांना मिळतं. हे बदलण्यासाठी वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणी नव्या प्रक्रिया केंद्रांची कामं हाती घेतलेली आहेत. हजारो कोटींचा हा खर्च पाणी किती सुधारतो, हे प्राणवायूच्या आणि जंतूंच्या आकड्यांतून कळेल. त्या पाण्यात वाढणाऱ्या माशाचं काय झालं, हे मात्र माशाकडूनच कळेल, आणि त्यासाठी केंद्रं सुरू होण्याआधीचा मासा तपासून ठेवलेला हवा. मत्स्यशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या कोळीवाड्यात पाठवा, बोयीच्या नराचं वृषण आणि यकृत आजच जतन करून ठेवा, तारीख आणि जागा लिहा. महापालिकेनं त्याचा खर्च केंद्रांच्या खर्चातच धरावा. केंद्रं एकदा सुरू झाली की आधीची बोय पुन्हा मिळणार नाही.